दुसरी गोळी : प्रतिसरकार, पिस्तूल आणि अडकलेले काडतूस

१.
प्रतिसरकारचे कोणतेही चित्र डोळ्यांपुढे आणा. उसाचा फड, डोंगराची कड, डोक्याला बांधलेले मुंडासे आणि हातात पिस्तूल. ते चित्र पाहून वाटते की पिस्तूल हाती आले आणि लढा उभा राहिला. आजच्या धाग्यात आपण त्या पिस्तुलाच्या आत डोकावणार आहोत. त्यात काडतूस का अडकते, अडकण्याचे कारण कसे शोधतात आणि भूमिगतांना ते शोधणे जवळजवळ अशक्य का होते, हे एकदा उमगले की १९४३ ते १९४६ या काळातील सातारा निराळा दिसू लागतो.

२.
आधी थोडा भूगोल. त्या वेळचा सातारा जिल्हा आजच्या साताऱ्याहून पुष्कळ मोठा होता. तासगाव, वाळवा, शिराळा ही आज सांगली जिल्ह्यात मोडणारी गावे तेव्हा साताऱ्यातच होती, आणि सांगली, मिरज, औंध ही संस्थाने मध्ये मध्ये पसरलेली होती. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून जुन्या कागदांत ‘सातारा’ वाचताना पुष्कळदा आजची सांगली समजावी लागते. संस्थानांच्या आणि ब्रिटिश मुलखाच्या या गुंतागुंतीच्या सीमा भूमिगतांच्या पथ्यावर पडल्या, हेही ध्यानात ठेवावे.

३.
माझे आजोळ कृष्णाकाठचे. बेचाळीसच्या चळवळीत आजी लहान मुलगी होती. तिच्या आठवणींत पराक्रम थोडा आणि स्वयंपाक फार. रात्री किती भाकऱ्या थापल्या, कोणत्या फडात नेऊन दिल्या, कोणते कुत्रे भुंकले, हे ती तपशीलवार सांगे. पिस्तुलाचा विषय निघाला की मात्र ती हसे. असली हत्यारे ऐन वेळी अडतात, असे तेव्हाची थोरली माणसे आपसांत बोलत, एवढेच ती सांगे. ‘अडतात’ म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात होता. पुस्तकांत पिस्तुलांची संख्या सापडते, त्यांचा स्वभाव सापडत नाही.

४.
उत्तर मिळाले ते सातारा तालुक्यातील एका निवृत्त लष्करी आर्मोररकाकांकडून. आयुष्यभर हत्यारांची दुरुस्ती केलेला माणूस. मी प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी घरातून स्टेपलर आणला आणि उघडून माझ्या हातात दिला. आत पिनांची रांग, तिच्या मागे स्प्रिंग, पुढे पिन बाहेर ढकलणारी पट्टी. एक पिन गेली की स्प्रिंग दुसरीला पुढे सरकवते. स्प्रिंग ढिली झाली, पिना वाकड्या असल्या किंवा दोन एकदम तोंडाशी आल्या की स्टेपलर अडतो. ते म्हणाले, पिस्तुलाचे निम्मे दुखणे इथेच समजते. फौजेच्या भाषेत अशा अडण्याला ‘रोक’ म्हणतात, आणि रोक कशी ओळखावी हे नेम धरण्याइतकेच नेटाने शिकवतात.

५.
आता पिस्तूल. मुठीत बसणाऱ्या पेटीत, म्हणजे मॅगझिनमध्ये, काडतुसे एकावर एक रचलेली असतात आणि खालून स्प्रिंग त्यांना वर रेटते. पेटीच्या तोंडाशी पत्र्याचे दोन वळलेले ओठ असतात. ते सर्वांत वरच्या काडतुसाला अडवून धरतात. पहिले काडतूस आपण हाताने स्लाइड ओढून नळीच्या कोठीत चढवतो. चाप ओढला की बार उडतो आणि त्याच्या धक्क्याने स्लाइड मागे जाते. मागे जाताना एक बारीक नखी रिकामे टरफल ओढून काढते आणि ते बाजूला फेकले जाते. मग स्लाइडची स्प्रिंग तिला पुढे ढकलते. पुढे येताना ती पेटीतील वरचे काडतूस ओठांतून सोडवते, एका छोट्या उतारावरून चढवते आणि कोठीत बसवते. हे सारे डोळ्याचे पाते लवायच्या आत घडते.

६.
यातील मर्म असे की पहिली गोळी माणूस भरतो आणि दुसरी यंत्र भरते. म्हणून अडचण बहुधा पहिल्या गोळीला येत नाही, दुसरीला येते. रिव्हॉल्व्हरचे तसे नसते. तेथे फिरत्या चक्रात प्रत्येक काडतुसाला स्वतंत्र घर असते. एखादे फुसके निघाले तर चाप पुन्हा ओढायचा, चक्र फिरते आणि पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलात मात्र मागच्या गोळीने पुढच्या गोळीचे काम करावे लागते. मागच्या बाराची ताकद कमी पडली तर पुढचे काडतूस पोचतच नाही. साखळीची एक कडी तुटली की सगळे थांबते.

७.
अडण्याचे प्रकार काही मोजकेच आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. काडतुसाचे नाक खाली झुकून उतारावर टेकले तर संशय पेटीवर घ्यावा: स्प्रिंग थकलेली, तळाची पट्टी तिरकी किंवा ओठ वाकलेले. रिकामे टरफल स्लाइडच्या फटीत उभे अडकले तर स्लाइड पुरेशी मागे गेली नाही किंवा नखीची पकड सुटली. एक काडतूस कोठीत आणि दुसरे त्याच्या पाठीवर आदळलेले, असे दिसले तर ओठांनी दोन काडतुसे सोडली किंवा आधीचे टरफल निघालेच नाही. स्लाइड केसभर उघडी राहिली तर कोठीत मळ असतो, वंगण वाळून चिकट झालेले असते किंवा काडतूस फुगलेले असते. धरणाऱ्याचे मनगट सैल असले तरी अर्धा धक्का हातातच जिरतो आणि स्लाइड अर्ध्या वाटेवरून परतते.

८.
इतिहासप्रेमींनी लक्षात ठेवावी अशी एक खास खोड आहे. जॉन ब्राउनिंग यांच्या खिशातील पिस्तुलांसाठी १८९९ च्या सुमारास ७.६५ मिलिमीटरचे काडतूस आले. पुढे अर्धे जग त्यावर चालले. या काडतुसाच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर येते. पेटी भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे बसायला हवी. चुकून ती मागे गेली तर दोन्ही काडतुसे एकमेकांत गुंततात आणि स्लाइडने कितीही ढकलले तरी वरचे हलत नाही. पेटी उत्तम, स्प्रिंग उत्तम, काडतूस उत्तम, आणि तरीही पिस्तूल मुके! पेटी घाईने, अंधारात, थंडीने बधिरलेल्या बोटांनी भरली तर हे सहज घडू शकते.

९.
मग कारण शोधायचे कसे? आर्मोररची रीत सरळ आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी पेटी बदला. दुसऱ्या पेटीने पिस्तूल नीट चालले तर दोष पहिल्या पेटीत होता. तरीही अडले तर काडतुसे बदला, वेगळ्या खोक्यातील घ्या. तरीही अडले तर दोष पिस्तुलातच. मग नखी, उतार, स्लाइडची स्प्रिंग एकेक तपासा. शेवटी दुसऱ्याच्या हाती देऊन पाहा, म्हणजे मनगटाचा दोष आहे का तेही कळते. त्यासाठी दारू नसलेली ड्रिलची काडतुसे लागतात. जिवंत काडतुसे हाताने चढवून-उतरवून चाचणी घेणे म्हणजे जिवाशी खेळ. आणि अखेरची परीक्षा मैदानावर, पन्नास-शंभर गोळ्या झाडून. तोवर कोणताही आर्मोरर पिस्तुलावर भरवशाचा शिक्का मारत नाही.

१०.
येथे मला आजीच्या त्या वाक्याचा अर्थ लागला. काकांनी सांगितलेल्या रीतीला काय काय लागते ते पाहा: दुसरी पेटी, वेगळ्या खोक्यातील काडतुसे, ड्रिलची काडतुसे, सुटे भाग, निवांत वेळ आणि जेथे बाराचा आवाज कोणाच्या कानी जाणार नाही अशी जागा. भूमिगताकडे यांपैकी काय होते? १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना हत्यार बाळगणे गुन्हा ठरवला होता. काडतुसे उघडपणे विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. हत्यारे आली ती तुकड्यातुकड्यांनी. काही पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्याहून, काही पोलिसांकडून हिसकावलेली, काही गावठी बनावटीची. जितकी हत्यारे तितके मेळ, आणि एकाचे काडतूस दुसऱ्याला चालत नाही.

११.
म्हणजे कोंडी अशी होती. पिस्तूल भरवशाचे आहे का, हे कळायला गोळ्या झाडाव्या लागतात. आणि झाडायच्या तर मग लढायला काय उरणार? मूठभर काडतुसांतील चार चाचणीत घालवली तर हत्यार निर्दोष ठरेल, पण रिकामे होईल. न घालवली तर भरलेले राहील, पण संशयित. त्यात ही काडतुसे कुठे कुठे दडवलेली असणार: कणगीत, भिंतीच्या कोनाड्यात, जमिनीत पुरलेल्या डब्यात. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातील पावसाळ्यात दारूला ओल लागायला कितीसा वेळ? ओलसर दारूचा बार मंद होतो, मंद बाराने स्लाइड अर्धी जाते, आणि दुसरी गोळी अडते. ही कोंडी धैर्याने सुटणारी नव्हती. ती सामग्रीची कोंडी होती.

१२.
सामग्री मुबलक असलेल्यांवरही हा प्रसंग येतो, याचा दाखला त्याच १९४२ सालचा आहे. २७ मे रोजी प्राग शहरात नाझी अधिकारी राइनहार्ड हायड्रिख याच्या मोटारीसमोर योझेफ गाबचिक उभा ठाकला. ब्रिटनमध्ये शिकवून, विमानातून उतरवलेला हा सैनिक. हाती ब्रिटिश बनावटीची स्टेन गन. चाप ओढला आणि बंदूक अडली. सोबती यान कुबिशने बाँब टाकला म्हणून मोहीम तडीस गेली. हायड्रिख ४ जूनला जखमांनी मेला. स्टेनची पेटी हे त्या बंदुकीचे ठरलेले दुखणे होते: दोन रांगांतील काडतुसे तोंडाशी एका रांगेत येतात आणि तेथेच गर्दी होते. बत्तीसची पेटी असली तरी जाणते सैनिक तीत दोन-चार काडतुसे कमीच भरत. गाबचिकच्या शेजारी दुसरा माणूस होता, आणि दुसऱ्या प्रकारचे हत्यार होते. सामग्रीइतकेच हेही महत्त्वाचे.

१३.
आपल्याकडील आधीच्या पिढीचा मार्ग वेगळा होता. १९०९ च्या आरंभी लंडनहून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्या सामानात दडवून मुंबईला पाठवली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. पिस्तूल अडले नाही. पण त्यानंतर? कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली, नाशिक कटाचा खटला चालला आणि संघटना विखुरली. हत्याराची दुसरी गोळी सुटली; संघटनेची मात्र अडली. त्या तरुणांच्या त्यागाला यामुळे उणेपणा येत नाही. मूठभरांच्या गुप्त मंडळापाशी पकडल्या गेलेल्यांची जागा भरून काढणारी साखळी नव्हती, एवढेच येथे म्हणायचे आहे.

१४.
साताऱ्यातील माणसांनी पिस्तुलाच्या या स्वभावाला तोड काढली, असे मला वाटते. शक्यतो गोळी झाडावीच लागू नये, अशी मोहीम आखायची! ७ जून १९४३ रोजी शेणोली स्थानकाजवळ तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली. रुळांवर दगड रचून गाडी अडवली आणि हाती होते ते विळे, काठ्या आणि गावठी बाँब. तुफान सेनेची बहुधा सर्वांत गाजलेली मोहीम, आणि तिच्यात पिस्तुलाचे स्थान नगण्य. भवानीनगरच्या पोलीस ठाण्याची गोष्ट त्याहून निराळी. नाना पाटलांची कन्या हौसाताई यांनी ठाण्यासमोर नवऱ्याच्या मारहाणीचे सोंग केले. पोलीस ते भांडण सोडवण्यात गुंतले आणि सोबत्यांनी ठाण्यातील बंदुका उचलल्या. एकही बार न काढता हत्यारे मिळवणे याहून चोख कसे असते?

१५.
जेथे गोळ्या सुटल्याच, तेथील हिशेब कडू आहे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या सोबत्यांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून सांगलीचा तुरुंग फोडला. पाठलाग झाला; अण्णा पत्रावळे आणि बाबुराव जाधव हुतात्मा झाले, वसंतदादांना गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. १९४५ च्या फेब्रुवारीत मणदूरच्या डोंगराळ भागात पोलिसांशी चकमक झाली, तीत किसन अहीर आणि नानकसिंग पडले. समोर सरकारी रायफली, त्यांच्यामागे सरकारी कोठार. एका बाजूला संपलेली गोळी पुन्हा मिळत होती, दुसऱ्या बाजूला नाही. अशा लढतीत शौर्य समसमान धरले तरी पुरवठा कधीच समसमान नव्हता.

१६.
मग पिस्तूल कशासाठी जवळ बाळगायचे? कारण पिस्तूल अडते की चालते, हे ते बाळगणाऱ्यालाच नीट ठाऊक नसे. समोरच्याला तर मुळीच नसे. खबऱ्याला, सावकाराला, गावगुंडाला दिसायची ती फक्त काळी नळी. कमरेचे पिस्तूल पुष्कळदा न झाडताच काम करून जाई. प्रतिसरकारच्या शिक्षांचा दरारा होताच. ‘पत्री सरकार’ हे नावही लोकांच्या तोंडी त्यातूनच रुळले. या दराऱ्याची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे: ज्याला शिक्षा झाली, त्याला दाद मागायला वरचे न्यायालय नव्हते. हत्यार दाखवून चालणाऱ्या प्रत्येक सत्तेला हा प्रश्न विचारावा लागतो, ती आपल्या माणसांची असली तरीही.

१७.
आता पुन्हा पेटीकडे, स्प्रिंगकडे आणि उताराकडे वळू. नाना पाटील १९४६ पर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत. त्यांच्यावर इनाम होते, पाठलाग होता, झडत्या होत्या. १९४४ च्या एप्रिलमध्ये धुळे जिल्ह्यातील चिमठाण्याजवळ साताऱ्याच्या आणि खानदेशच्या कार्यकर्त्यांनी मिळून सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला. एवढ्या दूर जाऊन परत येणे, पैसा पोचवणे, माणसे लपवणे, हे कोणत्या बळावर झाले? एक माणूस पकडला गेला की त्याची जागा दुसरा घेई. एक घर उघडकीस आले की दुसऱ्या घराचे दार उघडे असे. भाकरी, निरोप, निवारा आणि पहारा यांची रांग खालून सतत वर सरकत राहिली. यंत्राच्या भाषेत सांगायचे तर स्प्रिंग गावात होती. म्हणून दुसरी गोळी अडली तरी दुसरा माणूस अडला नाही.

१८.
इतिहासाच्या पुस्तकांत बार ऐकू येतो, भरणा ऐकू येत नाही. बाराची तारीख असते, वेळ असते, खटला असतो, साक्षीपुरावा असतो. रात्री अकरा वाजता थापलेल्या भाकरीची नोंद कोणत्या पंचनाम्यात असणार? शस्त्रांची यादी पोलिसांच्या दप्तरात टिकते. जिने पदराखाली निरोप नेला तिचे नाव टिकत नाही. पिस्तुलाचे यंत्र समजून घेतल्याने मला ही उणीव प्रथम दिसली. सुटलेली प्रत्येक गोळी कोणीतरी आधी भरलेली असते.

१९.
दोन व्यवहाराच्या गोष्टी. जुन्या वाड्यात, माळ्यावर किंवा पाया खणताना एखादे जुने हत्यार अथवा काडतूस सापडले तर ते हाताळू नका, स्लाइड ओढून पाहू नका, छायाचित्रासाठी उचलू नका. जुनी दारू कधी कशी वागेल याचा नेम नसतो आणि अडकलेले काडतूस रिकामे समजणे हीच सर्वांत मोठी फसगत असते. थेट जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. परवान्याविना ते घरी ठेवणे आजही गुन्हा आहे. वस्तू ऐतिहासिक असेल तर संग्रहालयापर्यंत तिची वाट त्याच दारातून जाते. हत्यार सापडले ती जागा, कोणत्या खोलीत, कशात गुंडाळलेले, हे मात्र लिहून ठेवा. इतिहासाला पुष्कळदा पिस्तुलाहून ते फडके अधिक सांगते.

२०.
आणि दुसरी गोष्ट. तुमच्यापैकी जे पलूस, वाळवा, तासगाव, शिराळा, खटाव, कराड या बाजूचे आहेत, त्यांच्या घरी त्या काळाची एखादी आठवण अजून कोणाच्या तरी ओठांवर असेल. नव्वदीतील माणसे फार उरलेली नाहीत. त्यांना पिस्तुलाबद्दल विचारू नका. त्याची उत्तरे ठरलेली असतात. रात्री दार कोण ठोठावत असे, किती जणांचे जेवण होई, धान्य कुठून येई, झडतीच्या दिवशी चूल पेटली होती का, हे विचारा. गावाचे नाव, सांगणाऱ्याचे वय आणि आठवण जशीच्या तशी लिहून घ्या. अशा शंभर आठवणी जमल्या तर प्रतिसरकारच्या इतिहासातील जो भाग आजवर कोऱ्या पानांवर राहिला, तो लिहिता येईल. त्या पानांचे काम या महिन्यापासूनच सुरू करू या.